लिओनोरचं लग्न आणि दोमितिलाबाईंची जोडमाळ

सांता रीता गावात लग्न ठरलं की मुलीची आई दोन ठिकाणी जायची. आधी चर्चमध्ये फादर आन्सेल्मोंकडे तारीख धरायला, आणि तिथून सरळ दोमितिलाबाईंकडे जोडमाळ सांगायला. काही जणी तर आधी दोमितिलाबाईंकडेच जायच्या. "फादर काय, दुसरे येतील," म्हणायच्या, पण हळू आवाजात.

जोडमाळ म्हणजे आठाच्या आकड्यासारखी दोन फेऱ्यांची लांब माळ. नवरा-नवरी वेदीपुढे गुडघे टेकून बसले की एक फेरा त्याच्या खांद्यांवर, एक तिच्या खांद्यांवर घालायचा, आणि आशीर्वाद होईपर्यंत दोघांनी त्यात बसून राहायचं. दोमितिलाबाईंच्या माळेला संत्र्याची फुलं असत, पण मेणाची. तारेच्या टोकाला कापसाची गुंडी, तिच्यावर वितळलेल्या मेणाचे पाच हात, मग बोटांच्या चिमटीत एकेक पाकळी. मेण अस्सल, पोळ्याचं. त्यामुळे माश्या फसायच्या. माळ खिडकीत सुकत टांगली की तासाभरात दोन-तीन मधमाश्या येऊन फुलात तोंड खुपसायच्या आणि रागावून परत जायच्या. "माशी फसली की माळ झाली," असं बाई म्हणायच्या.

एक्केचाळीस वर्षांत तीनशे बारा जोडपी त्यांच्या माळेत बसली होती आणि एकही मोडलं नव्हतं. गर्व करणं पाप, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून त्या काही बोलत नसत, फक्त आकडा सांगत. सेल्सो नावाचा एक जण सीमा ओलांडून उत्तरेला कामाला गेला आणि नऊ वर्षं फिरकला नाही, तेव्हा लोक म्हणाले, झालं, तुटली माळ. दहाव्या वर्षी सेल्सो दारात उभा. त्याची बायको त्याला घरात घ्यायला मुळीच तयार नव्हती. नऊ वर्षांत तिनं साठ कोंबड्या केल्या होत्या, तिचं छान चाललं होतं. पण माळेपुढे तिचं काय चालणार? आजही दोघं एका घरात आहेत. ती अजून कुरकुरते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नोव्हेंबरात टीव्हीवाले गावात आले.

'लिओनोरची शपथ' ही मालिका तेव्हा नुकतीच रंगात आली होती. लिओनोर ही शिंप्याची सोज्वळ मुलगी. ओक्ताविओ हा श्रीमंत, आतल्या गाठीचा माणूस. आणि एक भला डॉक्टर होता, तो सगळीकडे जरा उशिरा पोचायचा. रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळेत सांता रीतात कुणी मरतसुद्धा नसे. फादर आन्सेल्मोंनी चर्चमधली सातची मिस्सा साडेपाचवर आणली होती. म्हाताऱ्या माणसांना अंधारात ठेच लागते, हे कारण दिलं. उन्हाळ्यात आठपर्यंत उजेड असतो, पण तो विषय कुणी काढला नाही.

लिओनोर आणि ओक्ताविओचं लग्न सांता रीताच्या चर्चमध्ये चित्रित व्हायचं होतं. चित्रणाच्या दिवशी गावाला दोरीपलीकडे उभं केलं. तेवढ्यात कपडेपटातली एक चटपटीत मुलगी धावत बाईंच्या घरी आली. तिचं नाव चायो. तिनं मानानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, अशी हाक मारली.

"दोन्या दोमितिला, तुमच्याकडे खरी माळ असते म्हणे. आमची प्लास्टिकची आहे, दिव्याखाली नुसती चकाकते."

"माळ सांगून आठ दिवसांनी मिळते, पोरी."

"लग्न पाऊण तासात आहे, दोन्या."

बाईंच्या खिडकीत नमुन्याला केलेली एक नवीकोरी माळ आणि नवरीचा तसल्याच मेणफुलांचा मुकुट टांगलेला होता. त्यावर माशी बसलेली होती. बाईंनी माशी उडवली आणि दोन्ही काढून दिलं.

"ही गणतीत धरायची का?" नवरा फेर्मिननं विचारलं. फेर्मिन खोगिरं शिवायचा आणि सुई चालवताना मोजकंच बोलायचा.

"चर्च आहे, माळ आहे, नवरा-नवरी आहेत," बाई म्हणाल्या. "तीनशे तेरा."

इथं पहिली चूक झाली. दुसरी संध्याकाळी झाली. चायो माळ घेऊन परत आली. "घ्या दोन्या, एक फूलही हललं नाही. आणि लिओनोर तुम्हाला बोलावतेय." चौकात गाडीची काच खाली झाली, लिओनोरनं आतून दोन्ही हात बाहेर काढून बाईंचे हात धरले आणि गाडी गेली. लिओनोरनं चेहरा ओढणीत गुंडाळलेला होता. बाईंना वाटलं, लाजली. त्या तरंगत घरी आल्या, माळ स्वयंपाकघरात चाळणीशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि कॉफी ठेवली. जोडमाळ परत घ्यायची नसते. ती नवरीची. तिच्याबरोबर घरी जाते आणि पलंगाच्या उशाला आयुष्यभर लागते. एक्केचाळीस वर्षांत बाईंनी माळ परत घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

लग्नाचा भाग टीव्हीवर लागला तो ईस्टरआधीच्या उपासाच्या पहिल्या आठवड्यात. या चाळीस दिवसांत गावात लग्नं होत नाहीत, मटण शिजत नाही, बँड वाजत नाही. बघायला मालिकाच उरते. दोमितिलाबाई आणि फेर्मिन रोसाउराकडे बघायला गेले. रोसाउराचा टीव्ही गावात सगळ्यांत मोठा. तिच्या मुलीची, येसेनियाची, बाप्तिस्म्याची धर्ममाता दोमितिलाबाई, त्यामुळे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. आणि येसेनियाचं लग्न बावीस मेला, गावच्या संत रीताच्या सणाच्या दिवशी ठरलं होतं. तिच्या माळेसाठी मेण आणून ठेवलेलं होतं.

"आपला खांब," कुणीतरी म्हणालं. "तो बघा आपला खांब."

"संत रीताची मूर्ती दिसली. पुसायला हवी होती."

मग माळ आली. नवरा-नवरी पाठमोरे बसलेले, वरून दोन हातांनी माळ हळूच खांद्यांवर ठेवली. मेणाचं एकेक फूल दिसत होतं. खोलीतल्या सगळ्यांनी दोमितिलाबाईंकडे वळून पाहिलं. बाईंनी मान खाली घातली, पण फार खाली नाही.

"ओक्ताविओचे कान मागून केवढाले दिसतात गं," रोसाउरा म्हणाली.

"पाप कुठूनतरी बाहेर पडणारच," फेर्मिन म्हणाला.

अकरा दिवसांनी कळलं की ओक्ताविओला बंदराच्या गावी आधीची एक बायको आहे. लिओनोरनं अंगठी काढून विहिरीत टाकली आणि म्हणाली, "हे लग्न मोडलं. ते कधी जुळलंच नव्हतं." या वेळी खोलीतल्या कुणीच दोमितिलाबाईंकडे पाहिलं नाही. ते जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मक्याच्या चक्कीवर रांगेत बाई उभ्या होत्या. पुढच्या दोघींचं बोलणं चालू होतं.

"म्हणजे तीनशे बाराच."

"तीनशे तेरातलं एक गेलं. एक गेलं ते दिसलं. बाकीच्यांचं आतून काय चाललंय, कुणी बघितलंय?"

सेल्सोची बायको रांग सोडून बाईंजवळ आली. "दोन्या दोमि, खरं सांगा. आता आमचीपण सैल होईल का?" तिच्या आवाजात एवढी आशा होती की बाईंनी मक्याचं टोपलं या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं.

दुपारी रोसाउरा आली. बसली नाही.

"कोमाद्रे, रागावू नकोस. येसेनियाची माळ मी शहरातून आणते म्हणतेय. मण्यांची."

"मण्यांची."

"तू तिची धर्ममाता. तुझ्या हातची घालायची, हे ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलंय. पण तूच सांग, तुझी पोर असती तर तू घातली असतीस?"

"अगं, ते नाटक आहे, रोसाउरा."

"मग तू तीनशे तेरा का म्हणत होतीस?"

रोसाउरा गेली. बाईंनी आणून ठेवलेल्या मेणाकडे पाहिलं. तीनशे जणींच्या पोरींना माळ घातली आणि ज्या पोरीला आपण हातात धरून बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली नेलं, तिच्या खांद्यावर बाजारचे मणी पडणार. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. उपासाचे दिवस होते म्हणून कुणाला कळलं नाही.

सकाळी त्या फादर आन्सेल्मोंकडे गेल्या.

"दोमितिला, विवाह हा संस्कार आहे," फादर म्हणाले. "नटांचं लग्न म्हणजे लग्न नव्हे. देवाच्या दारात त्याची नोंद नाही. विसरून जा."

"मग त्या दिवशी तुम्ही नटाला आपला झगा दिलात, वर पवित्र पाणी शिंपडलंत, ते का?"

"धूळ फार होती." फादरनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तुला काय वाटतं, तो डॉक्टर आता तिला पत्करेल का?"

घरी येऊन बाई स्वयंपाकघरात संत रीताच्या तसबिरीपुढे उभ्या राहिल्या. संत रीता म्हणजे अशक्य कामांची संत आणि दुःखी बायकांची आई. तिच्यापाशी काही लपवून उपयोग नसतो. "मी बढाई मारली नाही," बाई म्हणाल्या. "आकडाच सांगितला. पण आकडा सांगताना मला गोड वाटायचं, हे खरं आहे. ते माफ कर. बाकी माझी माळ चांगली होती." आणि मान वर करताना त्यांना चाळणीशेजारी खिळ्यावर ती माळ दिसली.

"फेर्मिन," त्यांनी हाक मारली. "माळ तर आपल्याकडेच आहे."

"मग?"

"नवरीची माळ नवरीच्या घरी गेलीच नाही. ते लग्न टिकणार कसं? माझ्या मेणाचा दोष नाही. माझ्या डोक्याचा आहे. तिची माळ तिला नेऊन द्यायला हवी."

फेर्मिननं सुई खाली ठेवली. "दोमि, ती नटी आहे. तिचं घर निराळं, नवरा निराळा असेल."

"असू दे. तिच्या नावानं दिली, ती तिच्या हातात पडली की मी मोकळी. पुढं ती आणि देव."

"आणि मालिका लिहिणारा."

"तो पण देवाचाच."

राजधानीला बसनं पाच तास लागतात. टोपीच्या गोल खोक्यात माळ ठेवून बाईंनी ते पूर्ण वेळ मांडीवर धरलं. शेजारच्या बाईनं विचारलं, आत केक आहे का. "लग्न आहे," दोमितिलाबाई म्हणाल्या, आणि ती बाई जरा सरकून बसली.

चित्रीकरणाच्या आवाराच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नाही. रोज शंभर बाया येतात, म्हणाला; निम्म्या लिओनोरला जेवण द्यायला आणि निम्म्या ओक्ताविओला मारायला. समोर ताडपत्रीखाली टाकोसची गाडी होती. फेर्मिनला भूक लागली होती, म्हणून दोघं तिकडे गेले. तिथं टोपी डोळ्यांवर ओढून एक माणूस खाली मान घालून खात होता. बाईंनी त्याला हनुवटीवरून ओळखलं. तो ओक्ताविओ.

खोकं घेऊन म्हातारी बाई आपल्याकडे येतेय हे बघून तो उठला आणि त्यानं ताटली छातीपुढे धरली.

"बाई, मारायचं तर मारा, पण तोंडावर नको. शुक्रवारपर्यंत चित्रीकरण आहे."

"तुला कोण मारतं रे?"

"कोण नाही ते विचारा. मंगळवारी भाजीवालीनं कोबी फेकला. रविवारी माझ्या सख्ख्या सासूनं मला सूप वाढलं नाही. बाकी सगळ्यांना वाढलं."

बाईंना त्याची दया आली, पण काम काम होतं. "तुझी बायको कुठे आहे?"

"कुठली?"

"हाच तर तुझा दोष आहे."

त्यानं ताटली खाली ठेवली. बाईंनी खोकं उघडून त्याला सगळं सांगितलं: माळ, खिळा, तीनशे बारा, येसेनिया आणि मणी. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. खलनायकाचं काम करणाऱ्याला नीट ऐकायची सवय असते. त्याला दारामागून सगळं ऐकायचं असतं.

"पण बाई," तो म्हणाला, "या माळेत आम्ही बसलोच नाही."

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"पाठी पाहिल्यात. तुमच्या फुलांवर माशी आली होती. खरी फुलं समजून मुकुटावर बसली आणि लिओनोरच्या गालाला चावली. गाल हा एवढा सुजला. ती म्हणाली, ही माळ मी अंगावर घेणार नाही. मग तिचा लग्नाचा झगा चायोला घातला, माझा कोट एफ्राइनला. तो दिव्यांच्या तारा ओढतो. दोघांना मागून दाखवलं. मी तोवर गाडीत झोपलो होतो."

बाई बाकावर बसल्या. फेर्मिन हातातला टाको तोंडाशी नेता नेता थांबला. "म्हणजे ते कान," तो म्हणाला.

"एफ्राइनचे," ओक्ताविओ म्हणाला. त्याचे स्वतःचे कान बेताचे होते.

त्यानं आत निरोप धाडला. थोड्या वेळानं चायो बाहेर आली, आणि तिच्यामागून कपड्यांची पेटी उचलून एक उंच, लाजरा माणूस. त्याच्याकडे समोरून बघतानाही कान आधी दिसत होते.

"दोन्या, तुम्ही इथं?" चायो म्हणाली. मग तिला माळ दिसली आणि तिचा चेहरा पडला. "ही मला दाखवू नका. या माळेनं माझा जीव नकोसा केलाय."

"काय केलं?"

"त्या दिवसापासून हा माझी पाठ सोडत नाही. म्हणजे हा मागे लागतो असं नाही हो, बिचारा काही बोलतच नाही. पण मी जिथं जाईन तिथं हा असतो. मी बदली मागितली, दुसऱ्या मालिकेवर गेले, तर याला त्यांनी आधीच तिकडे पाठवलेलं. तिथून परत आले, तर हा परत आलेला. दाढ दुखली म्हणून डॉक्टरकडे गेले, तर खुर्चीत हा, तोंड उघडून."

"माझीपण दाढच होती," एफ्राइन म्हणाला.

"याची आई आमच्या जिन्याखाली भाड्यानं राहायला आली. आता ती रोज माझ्या आईबरोबर जपमाळ म्हणते."

दोमितिलाबाईंनी हात जोडल्यासारखे केले. "माळेत किती वेळ बसला होतात?"

"पाऊण तास," एफ्राइन म्हणाला. "दिवा बिघडला होता. उठा असं कुणी म्हणेना. मग आम्ही बसलोच."

"पाऊण तास," फेर्मिन म्हणाला. "आम्हाला बारा मिनिटं पुरलीयत, छत्तीस वर्षांसाठी."

"पोरी," बाईंनी विचारलं, "हा असा सगळीकडे असतो, ते तुला आवडत नाही का?"

चायोनं पेटीचं कुलूप उघडलं आणि पुन्हा लावलं. "आवडत नाही असं मी कधी म्हटलं? पण यानं विचारायला नको का? दोन्या, चार महिने झाले. हा फक्त पेटी उचलतो."

सगळ्यांनी एफ्राइनकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले, आणि तेवढे मोठे कान लाल झाले की लपवता येत नाहीत.

"विचारतो," तो म्हणाला. "पेटी खाली ठेवू द्या."

बाईंनी माळ चायोच्या हातात दिली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ओक्ताविओचेही भरले. गाडीवाला म्हणाला, हा खोटं रडतो, रोज बघतो मी. पण तो त्या दिवशी खरं रडत होता, असं बाई आजही सांगतात.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी सांता रीताच्या चर्चमध्ये लग्न होतं. कुणाचं, ते गावाला माहीत नव्हतं. दोमितिलाबाईंनी एका शब्दानं सांगितलं नाही. सांगून कुणाचा विश्वास बसला असता? लोक म्हणाले, राजधानीची कुणी अनोळखी माणसं या बाईची माळ घालणार आहेत, त्यांना बिचाऱ्यांना सांगायला हवं. सांगायला म्हणून सगळं गाव आलं आणि बाकं भरून बसलं. नवरा-नवरी आत आले, कुणी ओळखलं नाही. वेदीपुढे गेले. गुडघे टेकले. दोमितिलाबाई पुढे झाल्या आणि दोघांच्या खांद्यांवर माळ ठेवली.

आता सगळ्या गावाला समोर त्या दोन पाठी दिसत होत्या. तोच खांब, तीच माळ, तीच मान.

"अगं बाई," मागच्या बाकावरून रोसाउराचा आवाज आला. "कान."

चर्चभर कुजबुज गेली, वेदीपर्यंत गेली आणि परत आली. फादर आन्सेल्मो आशीर्वादाच्या मध्येच थांबले, चष्मा वर करून एफ्राइनच्या मागे जाऊन बघून आले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मालिकेत मोडलं ते लिओनोरचं. माळेत बसली होती ती ही दोघं, आणि ती दोघं इथं होती. हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सेल्सोची बायको तेवढी उठली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बसली.

दुसऱ्या दिवशी रोसाउरा मोलेचं, म्हणजे मिरची-चॉकलेटच्या घट्ट रश्शाचं, पातेलं घेऊन आली. या वेळी बसली.

"कोमाद्रे, येसेनियाची माळ सांगायला आलेय."

"मण्यांची आणणार होतीस ना?"

"आणली होती. मांजरानं तोडली."

"तुझ्याकडे मांजर कुठे आहे?"

"आणीन एखादं," रोसाउरा म्हणाली. "फुलं जरा दाट घाल."

बाईंनी मेण चुलीवर ठेवलं. आकडा बदलावा लागला नव्हता, तीनशे तेराच होता. पण तो त्यांनी त्यानंतर कुणाला सांगितला नाही. विचारलं तर म्हणायच्या, फादरच्या वहीत बघा.

येसेनियाच्या लग्नानंतर आठवड्यानं मालिकेचा शेवटचा भाग लागला. डॉक्टर एकदाचा वेळेवर पोचला. लिओनोरनं त्याच्याशी दुसऱ्याच कुठल्या तरी चर्चमध्ये लग्न केलं. पुढून दाखवलं, दोघांचे चेहरे, आणि खांद्यांवर माळ. रोसाउराच्या खोलीतले सगळे हळूच दोमितिलाबाईंकडे वळले.

बाईंनी पुढे वाकून टीव्हीतली माळ निरखली.

"मण्यांची," त्या म्हणाल्या.

मग आपण एवढ्यावरच थांबलो तर ते बरं दिसणार नाही असं वाटून त्यांनी क्रूसाची खूण केली आणि ओठांतल्या ओठांत त्या दोघांसाठी एक प्रार्थना म्हटली. फेर्मिन त्यांच्या कानाशी वाकला. "दोमि, नाटक आहे ते."

"असू दे," बाई म्हणाल्या. "मणी आहेत. प्रार्थना लागेल."